हरळीची मुळी आणि औषधांचा बाजार

शेतात माजलेली हरळी वरून कापली तर चार दिवस रान मोकळे दिसते. पण पाऊस पडला की ती पुन्हा तरारून उठते. जमिनीखालची मुळी खणून काढल्याखेरीज तिचा बंदोबस्त होत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. रक्ताच्या कर्करोगासंबंधी गेल्या तीन दशकांत जे संशोधन झाले, त्यातून वैद्यकशास्त्र नेमके याच निष्कर्षाला येऊन पोहोचले आहे. रोगट पेशींच्या अफाट गर्दीमागे मूठभर मूळपेशी असतात, त्या जिवंत राहिल्या तर रोग परततो, आणि म्हणून त्या ओळखणे व त्यांच्यावर नेम धरता येईल असे लक्ष्य शोधणे हे उपचाराचे खरे काम आहे.

प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र, वैद्यक नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करण्याचे कारण असे की, मुळी कोठे आहे हा प्रश्न शास्त्रज्ञांचा असला, तरी ती खणण्याचा खर्च कोणी करायचा आणि ती निघाल्याने कोणाचा तोटा होणार, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत. या दुसऱ्या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही.

प्रथम विज्ञानाची बाजू पाहू. निरोगी माणसाच्या हाडांतील मगजात रोज अब्जावधी रक्तपेशी तयार होतात. या अखंड उत्पादनाच्या मुळाशी फार थोड्या पेशी असतात. त्या स्वतःसारख्या पेशी निर्माण करून आपला वंश टिकवतात आणि त्याच वेळी तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका यांना जन्म देणारी संतती पुरवतात. अशा पेशी असतात याचा प्रयोगसिद्ध पुरावा कॅनडातील टोरोंटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलक या दोघांनी १९६१ साली दिला. किरणोत्साराने मगज नष्ट झालेल्या उंदरांना त्यांनी निरोगी मगजातील पेशी टोचल्या, तेव्हा उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी उठल्या. अशी एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली असते, हे पुढील प्रयोगांनी सिद्ध झाले.

त्याच शहरात १९९४ साली जॉन डिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न कर्करोगाला विचारला. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या रुग्णांच्या पेशी त्यांनी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत घातल्या. सरसकट सगळ्या पेशी उंदरात रोग उभा करू शकल्या नाहीत. ते सामर्थ्य सुमारे अडीच लाखांत एका पेशीत आढळले. या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी ३४ नावाची खूण होती आणि सीडी ३८ ही खूण नव्हती. १९९७ साली डॉमिनिक बॉने आणि डिक यांनी हे चित्र अधिक स्पष्ट केले. कर्करोगातही एक उतरंड असते आणि तिच्या शिरोभागी मूळपेशी असते, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पेशींवरच्या या खुणा म्हणजे कपाळावर कोरलेला शिक्का नव्हे. पुढील संशोधनात असे दिसून आले की, पेशी निवडण्यासाठी वापरलेल्या प्रतिपिंडांमुळेच काही पेशी उंदराच्या शरीरात मारल्या जात होत्या. पद्धत बदलल्यावर सीडी ३८ असलेल्या पेशींतही, आणि काही रुग्णांत सीडी ३४ नसलेल्या पेशींतही, रोग निर्माण करण्याचे सामर्थ्य सापडले. २०१४ साली याच टोरोंटोच्या गटाने दाखवून दिले की, रोगाच्या वाटेवरचे पहिले जनुकीय बदल झालेल्या, परंतु अद्याप कर्करोगी न बनलेल्या मूळपेशीही असतात. त्या केमोथेरपीतून वाचतात आणि रुग्ण बरा झाल्यासारखा दिसत असतानाही मगजात टिकून असतात. म्हणजे काय सापडेल हे कोणत्या चाळणीने चाळले यावर पुष्कळसे अवलंबून असते.

या पेशी मारणे कठीण का, याची दोन कारणे आहेत. केमोथेरपीची औषधे मुख्यतः विभाजन पावणाऱ्या पेशींवर घाव घालतात. मूळपेशी बराच काळ निद्रिस्त असते आणि झोपलेल्यावर हा घाव बसत नाही. दुसरे कारण याहून बिकट आहे. कर्करोगाची मूळपेशी निरोगी मूळपेशीसारखीच दिसते. तिला मारताना निरोगी मूळपेशी मारली गेली, तर रुग्णाच्या शरीरात रक्त तयार होणेच थांबेल. म्हणून एकीवर असेल आणि दुसरीवर नसेल, असे लक्ष्य शोधावे लागते. तण आणि पीक यांची पाने सारखी असली म्हणजे खुरपणारीची जी अडचण होते, तीच ही.

आता अशा लक्ष्याच्या शोधातील सर्वांत गाजलेले उदाहरण घेऊ. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रोगात रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र असते, हे पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९६० साली दिसले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते तसे होते, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ साली ओळखले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचे जोडजनुक तयार होते आणि त्याचे प्रथिन पेशीला अविरत वाढीचा हुकूम देत राहते. ते प्रथिन बंद पाडणारे इमॅटिनिब हे औषध सिबा-गायगी या स्विस कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. ती कंपनी पुढे विलीनीकरणाने नोव्हार्टिस झाली. ऑरेगॉन येथील डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांच्या पुढाकाराने १९९८ साली त्याच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्या रोगात रुग्ण काही वर्षांत दगावत असे, त्यात आता बहुसंख्य रुग्ण रोज गोळी घेऊन जवळजवळ नेहमीइतके आयुष्य जगतात. ही वैद्यकाच्या इतिहासातील थोर कामगिरी आहे आणि ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

पण मुळी निघाली का? स्कॉटलंडच्या ग्लासगो येथील डॉ. टेसा होलिओक यांनी या रोगातील निद्रिस्त मूळपेशी वेगळ्या करून दाखवल्या होत्या. २००२ साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केले की, या झोपलेल्या पेशी इमॅटिनिबला दाद देत नाहीत. २०११ साली खुद्द ड्रुकर यांच्याच प्रयोगशाळेतून असे निष्पन्न झाले की, ही मूळपेशी जगण्यासाठी बीसीआर-एबीएलवर अवलंबून नसते. तिचे ते प्रथिन बंद पाडले तरी ती जिवंत राहते. म्हणजे औषधाने हरळी दररोज कापली जाते, मुळी मात्र जमिनीत राहते. म्हणून गोळी रोज घ्यायची आणि जन्मभर घ्यायची.

येथून पुढे हा प्रश्न अर्थशास्त्राच्या दारात येतो. जन्मभर घ्यावे लागणारे औषध म्हणजे विक्रेत्याच्या दृष्टीने न आटणारा झरा होय. अमेरिकेत २००१ साली या औषधाची वर्षाची किंमत सुमारे ३० हजार डॉलर होती. २०१२ पर्यंत ती ९० हजारांच्या पुढे गेली. या काळात औषध बदलले नव्हते आणि संशोधनाचा मूळ खर्चही वाढला नव्हता. वाढली ती जिवंत राहिलेल्या रुग्णांची संख्या, आणि तीच किंमतवाढीचा आधार बनली. २०१२ साली या एका औषधाची जगभरची विक्री सुमारे ४७० कोटी डॉलर होती. २०१३ साली या रोगाच्या शंभरहून अधिक तज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात एकत्रितपणे लिहून या किमतींचा निषेध केला. रुग्णाला वाचवायचे आणि त्या वाचण्याचीच खंडणी घ्यायची, हा व्यवहार डॉक्टरांनाही असह्य झाला होता.

अशा स्थितीत औषध थांबवता येईल का, हा प्रश्न कोण विचारणार? तो ठळकपणे विचारला तो फ्रान्समधील रुग्णालयांच्या डॉक्टरांनी. बोर्डो येथील फ्रान्स्वा-झाव्हिए माओं यांच्या नेतृत्वाखाली, ज्यांच्या रक्तात किमान दोन वर्षे रोगाची खूण सापडली नव्हती, अशा १०० रुग्णांचे इमॅटिनिब त्यांनी थांबवले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर साधारण ४० टक्के रुग्णांत रोग परतला नव्हता. ज्यांच्यात परतला त्यांना पुन्हा औषध सुरू करताच तो आटोक्यात आला. युरोपातील अनेक देशांनी मिळून केलेल्या, साडेसातशेहून अधिक रुग्णांच्या पुढील अभ्यासात दोन वर्षांनंतर सुमारे निम्मे रुग्ण औषधाविना होते. विशेष म्हणजे औषधमुक्त राहिलेल्या काहींच्या शरीरातही अतिसूक्ष्म चाचणीने रोगाची खूण आढळते. याचा अर्थ मुळी पूर्ण निघालेली नसतानाही शरीराची प्रतिकारशक्ती तिला दाबून ठेवू शकते. हे कोणाच्या बाबतीत घडेल आणि कोणाच्या नाही, हे आगाऊ सांगता येणे हाच आता संशोधनाचा कळीचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल की कंपन्यांनीही असे अभ्यास केले. ते खरे आहे. नोव्हार्टिसच्याच निलोटिनिब या पुढच्या पिढीच्या औषधाच्या माहितीपत्रकात, ते कोणत्या अटींवर थांबवता येईल याचा समावेश करण्यास अमेरिकी नियामकांनी डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली. तेव्हा येथे कोणाचे कारस्थान आहे असे माझे म्हणणे नाही. कंपनीतील माणसे दुष्ट असतात असेही नाही. माझे म्हणणे एवढेच की नफ्याचे गणित माणसांच्या सद्भावनेपेक्षा बलवत्तर असते. २०१८ साली गोल्डमन सॅक्स या वित्तसंस्थेच्या विश्लेषकांनी आपल्या ग्राहकांसाठीच्या अहवालात उघडपणे प्रश्न उपस्थित केला होता की, रुग्णाला कायमचे बरे करणे हा टिकाऊ धंदा आहे काय? यकृतदाहाच्या क विषाणूवरील औषधाचे उदाहरण त्यांनी दिले होते: रुग्ण बरे झाले, तसतसा ग्राहकवर्ग घटला आणि विक्री उतरली. विश्लेषकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी बाजाराची भाषा प्रामाणिकपणे बोलून दाखवली. ज्या व्यवस्थेत रोग बरा होणे हे जोखमीच्या रकान्यात लिहिले जाते, त्या व्यवस्थेच्या हाती संशोधनाची दिशा सोपवावी का, एवढाच प्रश्न आहे.

मुळी निघाल्याचे उदाहरणही रक्ताच्या कर्करोगातच आहे, आणि ते अधिक बोलके आहे. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा एके काळी अत्यंत घातक समजला जाणारा रोग. चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांनी १९७० च्या दशकात त्यावर सोमल, म्हणजे आर्सेनिक, वापरून पाहिले. शांघायच्या वांग झेन्यी यांनी १९८० च्या दशकात अ जीवनसत्त्वाच्या कुळातील रेटिनॉइक आम्ल वापरले. पुढे उलगडा झाला की ही दोन्ही द्रव्ये या रोगाचे जनक असलेले जोडप्रथिनच मोडून टाकतात आणि त्यामुळे रोग चालू ठेवणाऱ्या पेशींची वंशवृद्धीची शक्तीच संपते. इटली व जर्मनीतील डॉक्टरांच्या गटांनी २०१३ साली दाखवले की, मध्यम व कमी जोखमीच्या रुग्णांत केमोथेरपीशिवाय केवळ या दोन औषधांनी उत्तम गुण येतो. उपचार काही महिन्यांत संपतो आणि बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात. आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी तर, महागडे उपचार न परवडणाऱ्या रुग्णांचा विचार करून, एकट्या सोमलावर उपचार करता येतात हे आपल्या अभ्यासांतून जगापुढे मांडले. शतकानुशतके वैद्यांना माहीत असलेल्या पदार्थावर नव्या रेणूसारखी मक्तेदारी बसवणे कठीण. म्हणूनच हे ज्ञान बाजाराच्या ओढीने नव्हे, तर रुग्णालयांच्या वॉर्डांतून वर आले. अर्थात अमेरिकेत २००० साली त्याला मान्यता मिळताच तेथेही ते व्यापारी नावाने महागच विकले गेले, ही गोष्ट निराळी.

याच्या उलट उदाहरण सीडी ४७ या लक्ष्याचे. ल्युकेमियाच्या मूळपेशी या खुणेच्या साह्याने शरीरातील भक्षक पेशींना ‘मला खाऊ नका’ असा इशारा देतात, हे स्टॅनफर्ड येथील आयर्विंग वाइसमन यांच्या गटाने २००९ साली दाखवले. त्यावरील औषधाच्या प्रारंभिक कामाला कॅलिफोर्निया राज्याने जनतेच्या मतदानाने उभारलेल्या मूळपेशी निधीतून पैसा मिळाला. मग त्याची कंपनी निघाली आणि २०२० साली गिलियड या बड्या कंपनीने ती ४९० कोटी डॉलरला विकत घेतली. पुढे चाचण्या अयशस्वी ठरल्या आणि २०२४ पर्यंत रक्ताच्या कर्करोगांतील हा प्रयत्न सोडून द्यावा लागला. विज्ञानात अपयश येतेच. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आरंभीची जोखीम जनतेने उचलायची, मधला भाव भांडवलाने वसूल करायचा आणि या सट्ट्याचा खर्च अखेर इतर औषधांच्या किमतींतून रुग्णांनी भरायचा, ही वाटणी न्याय्य आहे असे कोण म्हणेल?

आता आपल्या देशाकडे वळू. इमॅटिनिबच्या बाबतीत भारताने जगाला एक धडा दिला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर पेटंट नाकारले होते. त्यामुळेच येथील औषधउद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली २००५ साली तो कायदा बदलावा लागला, तेव्हा डाव्या पक्षांच्या आग्रहाने कलम ३(ड) त्यात आले: ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपाने गुणकारिता वाढत नसेल तर त्यावर पेटंट नाही. नोव्हार्टिसने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपासाठी केलेला अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ साली फेटाळला. त्यास विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळत होते. आज ते त्याहूनही स्वस्त आहे. कंपनीने अनेक भारतीय रुग्णांना औषध मोफत पुरवले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दान दात्याच्या इच्छेवर चालते; कायद्याने स्वस्त झालेले औषध हा रुग्णाचा हक्क असतो.

तथापि, स्वस्त गोळीवर समाधान मानून आपण थांबलो आहोत, ही आजची खरी उणीव आहे. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने तरुण वयात दिसतो. तिशीतल्या माणसाने पुढली चाळीस वर्षे रोज गोळी घ्यायची, हे सोपे नाही. तिशीतल्या स्त्रीला तर ही गोळी चालू असताना मूल होऊ देता येत नाही, कारण गर्भाला धोका असतो. औषध थांबवून पाहण्याची संधी तिला मिळाली तर तिचे सारे आयुष्य बदलू शकेल. पण त्यासाठी रक्तातील बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजणारी अतिसूक्ष्म चाचणी नियमित करावी लागते. औषध थांबवल्यावर सुरुवातीला तर दरमहा. अशी भरवशाची चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत नाही, आणि मिळाली तर अनेकांसाठी ती गोळीपेक्षा महाग पडते. परिणाम असा की, जिची मुळी कदाचित दबली आहे तिलाही ते कळण्याचा मार्ग नाही. गरिबाला गोळी मिळाली, पण गोळीतून सुटका नाही.

नव्या उपचारांच्या बाबतीतही हेच प्रश्न उभे राहणार आहेत. सीडी १९ या लक्ष्यावर रुग्णाच्याच प्रतिकारपेशी घडवून सोडणारी कार-टी उपचारपद्धती मुंबईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी देशात विकसित केली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. परदेशी उपचाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात ती मिळते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तो दहावा हिस्साही काही दशलक्ष रुपयांचा आहे, आणि आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे आहे. सार्वजनिक संस्थांत जन्मलेला उपचार सार्वजनिक रुग्णालयातील रुग्णाला अप्राप्य राहत असेल, तर अभिमानाला जमाखर्च विचारावा लागेल.

म्हणून तीन मागण्या कराव्याशा वाटतात. पहिली: बीसीआर-एबीएलची चाचणी शासकीय योजनांत उपचाराचाच भाग म्हणून मोफत उपलब्ध व्हावी. देशातील कर्करोग रुग्णालयांच्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या संघटनेने औषधांची एकत्रित खरेदी करून किमती मोठ्या प्रमाणात उतरवल्या आहेत. चाचण्यांच्या साहित्यासाठी तोच मार्ग खुला आहे. दुसरी: औषध केव्हा आणि कोणाचे थांबवता येईल, याचे व्यापक अभ्यास भारतीय रुग्णांवर शासनाच्या खर्चाने व्हावेत. या अभ्यासातून विकण्यासारखी वस्तू निघणार नाही, म्हणून बाजार तो मनापासून करणार नाही. तो समाजालाच करावा लागेल. तिसरी: सार्वजनिक पैशावर शोधलेले लक्ष्य किंवा उपचार खाजगी हाती देताना किमतीची अट करारातच घातली जावी.

केनेथ अॅरो यांनी १९६२ सालीच दाखवून दिले होते की, ज्ञाननिर्मिती बाजारावर सोडली तर समाजाला हवे तेवढे संशोधन होत नाही. त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की, होते तेही बहुधा मुळीपेक्षा पात्याकडेच वळते. मूळपेशी कोणत्या खुणेने ओळखायची, हे शास्त्रज्ञ ठरवतील. त्यात आपण लुडबूड करू नये. पण रुग्णाला औषधातून मुक्त करण्याचे संशोधन व्हावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार करदात्या नागरिकांचा आहे, आणि तो अर्थसंकल्पाच्या चर्चेत बजावला पाहिजे. आरोग्यावरील तरतुदीची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या आपल्या लोकप्रतिनिधींना, या वर्षी किती रुग्ण औषधातून सुटले, हा प्रश्न आपण विचारू लागलो, तर तेथून सुरुवात होईल.